फाँटहिलची पाच हाइड जमीन: चोराची शपथ कोण मानणार?

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात विल्टशायर आहे. तिथल्या फाँटहिल गावच्या पाच हाइड जमिनीवरून सुमारे अकराशे वर्षांपूर्वी भांडण लागलं. हाइड म्हणजे एका कुटुंबाचं भागेल एवढी जमीन. माती जशी, तसं क्षेत्र कमीजास्त. भांडण कसं लागलं, कसं मिटलं आणि मिटल्यावर कुणी उकरून काढलं, हे आज कळतं ते एका चर्मपत्रामुळे. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा एडवर्ड (कारकीर्द ८९९ ते ९२४) याला लिहिलेलं ते पत्र कँटरबरी कॅथेड्रलच्या दप्तरखान्यात आहे. लिहिणारा बहुधा ऑर्डलाफ, विल्टशायरचा एल्डरमन, म्हणजे राजाच्या वतीनं मुलूख सांभाळणारा सरदार. पत्र लॅटिनमध्ये नाही, त्या काळच्या बोलत्या इंग्रजीत आहे. घाईनं सांगितल्यासारखं वाटतं. ‘मी’, ‘मी’ करता करता लिहिणारा मध्येच ‘ऑर्डलाफनं आपली जमीन घेतली’ असं लिहून जातो आणि पुन्हा ‘मी’वर येतो.

त्या काळच्या या इंग्रजी, म्हणजे अँग्लो-सॅक्सन, समाजाबद्दल लिहिताना सहसा कायद्यांपासून सुरुवात करतात, आणि ते कायदे आहेतही गमतीदार. केंटचा राजा एथेलबर्ट यानं इसवी सन ६०० च्या आसपास केलेला कायदा हा इंग्रजी भाषेतला सर्वांत जुना. तो बराचसा दरपत्रकासारखा वाचता येतो. अंगठा तोडला तर २० शिलिंग, अंगठ्याचं नख गेलं तर ३, कान कापला तर १२. समोरच्या चार दातांचे प्रत्येकी ६, त्यांच्या शेजारच्याचे ४, मग ३, आणि आतल्या दातांचा प्रत्येकी एकच. मधल्या बोटाचे ४ शिलिंग आणि करंगळीचे चक्क ११! माणसाच्या जिवालाही भाव होता. तो मारला गेला तर मारणाऱ्यानं नातेवाइकांना ठरलेली रक्कम द्यायची. वेसेक्समध्ये साध्या शेतकऱ्याची ही किंमत २०० शिलिंग, बड्या सरदाराची १२००.

जमिनीनं माणसाचा भाव चढायचा, हेही कायद्यातच दिसतं. वेसेक्सचा राजा इने यानं ६९० च्या आसपास केलेल्या कायद्यात वेल्श माणसांचे दर आहेत. जमीन नसलेल्याचा जीव ६० शिलिंगांचा, अर्धा हाइड असेल तर ८०, एक हाइड असेल तर १२० आणि पाच हाइड असतील तर ६००. फाँटहिलची पाच हाइड म्हणजे नुसता शेताचा तुकडा नव्हता, हे यावरून लक्षात यावं.

पण रक्कम ठरवून काय होणार? दात मी पाडलाच नाही, असं समोरचा म्हणाला तर पुढे काय? इथे कायदे फार थोडक्यात बोलतात: त्यानं शपथेनं नाकारावं. शपथ कुणाची चालते आणि ती उभी कशी करतात, याचा तपशील त्यांत तुटक तुटक येतो. तो फाँटहिलच्या पत्रात बघायला मिळतो.

वाद काय होता

हेल्मस्टन नावाच्या माणसानं एथेलरेड नावाच्या कुणाचा तरी कमरेचा पट्टा चोरला. हे घडलं एडवर्डचा बाप आल्फ्रेड राजा याच्या हयातीत, म्हणजे ८९९ च्या आधी. चोरीचा बभ्रा होताच एथेलहेल्म हिगा नावाच्या गृहस्थानं हेल्मस्टनच्या फाँटहिलच्या जमिनीवर दावा ठोकला. आणखीही काही दावेदार वाहत्या गंगेत हात धुवायला पुढे आले.

पट्ट्याचा आणि जमिनीचा काय संबंध? आजचा वकील म्हणेल, काही नाही. चोरीचा खटला वेगळा, मालकीचा वेगळा. त्या काळी मात्र दोन्हींचा धागा एकच होता: शपथ. जमीन माझी आहे हे सिद्ध करायचं तर शपथ घ्यायची, आणि सोबत शपथ घेणारे साथीदार उभे करायचे. हे साथीदार घटनेचे साक्षीदार नसत. पुढच्या काळातल्या शपथांच्या मसुद्यांमध्ये त्यांनी म्हणायचं वाक्य आहे: परमेश्वराला स्मरून सांगतो, अमक्यानं घेतलेली शपथ स्वच्छ आहे, खोटी नाही. बस, एवढंच. त्यांनी काय पाहिलं, हे कुणी विचारत नाही. या माणसाच्या शब्दामागे आपण आपला शब्द लावायला तयार आहोत, एवढंच ते सांगतात.

मराठीत याला नेमका शब्द आहे: पत. इनेच्या कायद्यात तर शपथेचं वजन हाइडमध्येच मोजलं आहे. राजाच्या पदरचा माणूस चर्चमध्ये नियमानं प्रभुभोजनाचा विधी पाळणारा असेल तर त्याची शपथ ६० हाइडांची. उलट बाजू एडवर्डच्या कायद्यात सापडते. ज्याची शपथ खोटी ठरली किंवा मोडून पडली, तो यापुढे शपथेला पात्र नाही. त्यानं दिव्य करावं.

हिगाचा हिशोब यावरून उलगडतो. पट्टा चोरल्यानं हेल्मस्टनची जमीन कायद्यानं गेली नव्हती. ती राखायला लागणारी शपथ मात्र पोकळ झाली होती. कुंपण पडलंय तोवर गुरं आत सोडावीत, असा तो डाव.

कोणापुढे कोणते मार्ग होते

हेल्मस्टनपुढे फारसे पर्याय नव्हते. पळून जावं तर जमीन गेलीच. एकट्यानं लढावं तर चोराबरोबर शपथेला कोण उभं राहणार? तो ऑर्डलाफकडे गेला, कारण बिशपच्या हातून झालेल्या दृढीकरण संस्कारात (बाप्तिस्म्यानंतरचा ख्रिस्ती विधी) ऑर्डलाफ त्याचा धर्मपिता झाला होता. हे नातं नावापुरतं नव्हतं. इनेच्या कायद्यात धर्मपुत्राचा कुणी खून केला तर धर्मपित्याला वेगळी भरपाई मिळते, आणि दृढीकरणातला धर्मपुत्र असेल तर तिच्या निम्मी. नात्याच्या छटांनासुद्धा दर लावणारा समाज होता तो.

ऑर्डलाफपुढचा पेच अवघड. चोराची बाजू घ्यावी तर आपली पत पणाला लागते; हात झटकावेत तर धर्मपुत्राला वाऱ्यावर सोडलं असं होतं. त्यानं राजाकडे रदबदली केली.

आल्फ्रेडला दोन गोष्टी करता आल्या असत्या. चोराला न्याय मागायचा हक्क नाही, असं म्हणून तो विषय संपवू शकला असता. किंवा ऑर्डलाफच्या शब्दावर दाव्याला सामोरं जायची मुभा देऊ शकला असता. त्यानं मुभा दिली. पत्रातले शब्द असे, की राजानं हेल्मस्टनला ‘न्यायाला पात्र’ राहू दिलं. म्हणजे ही पात्रता जन्मजात नव्हती. ती जाऊ शकत होती, आणि कुणाच्या तरी रदबदलीनं परत मिळत होती. या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय हाच. आल्फ्रेडनं स्वतःचा भलामोठा कायदा केला होता, बायबलमधल्या आज्ञांपासून सुरुवात करून. पण त्याच कायद्यातलं अमुक कलम लागू होतं, असं या पत्रात एकदाही येत नाही.

वॉर्डरची बैठक

राजानं दोघांमध्ये तडजोड घडवायला माणसं नेमली. त्यांत खुद्द ऑर्डलाफ होता. शिवाय विहटबोर्ड, राजाचा वस्त्रागार सांभाळणारा एल्फ्रिक, ब्रिहटहेल्म, सॉमर्टनचा काळा वुल्फहून, स्ट्रिका, उब्बा, ‘आणि आता नावं सांगता येणार नाहीत इतके जण’. बैठक वॉर्डरला भरली.

हेल्मस्टननं जमिनीचा दस्त पुढे केला. दस्तातली साखळी अशी होती. ही जमीन मुळात एथेलथ्रिथ नावाच्या बाईची. आथुल्फशी लग्न झालं तेव्हा तिला ती ‘सकाळची भेट’ म्हणून मिळाली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बायकोला जे देई, त्याला हे नाव. मराठी वाचकाला स्त्रीधन आठवेल. ही जमीन आपली आहे आणि विकायचा आपल्याला हक्क आहे, असं सांगून तिनं ती वाजवी किमतीला ऑस्वुल्फला विकली. या व्यवहाराला स्वतः आल्फ्रेडनं मान्यतेची खूण दिली होती. त्याचा मुलगा एडवर्ड, एथेलनोथ आणि डेओरमोड यांच्याही खुणा होत्या. दस्त सगळ्यांसमोर वाचला गेला आणि सगळी नावं त्यावर सापडली.

इथे आपण निकाल लागला म्हणून मोकळे होऊ. राजाची खूण असलेला दस्त समोर असताना आणखी काय हवं? पण तसं झालं नाही. मध्यस्थ म्हणाले, या कागदामुळे हेल्मस्टन शपथेच्या ‘अधिक जवळ’ आहे. कागदानं त्याला जमीन मिळाली नाही, शपथ घ्यायचा मान मिळाला. कुणी शपथ घ्यायची हे एकदा ठरलं की अर्धी लढाई जिंकली. दुसऱ्या बाजूला मग फक्त तो अडखळतो का, हे बघत बसायचं.

हिगाला हे पटेना. राजाला सांगा, मग बघू, असं त्याचं म्हणणं. सगळे उठून आत गेले, हिगासुद्धा. राजा वॉर्डरच्या वाड्यातल्या खोलीत उभा होता आणि हात धूत होता. पत्रात हे एवढंच आहे. बरीच वर्षं उलटून गेल्यावरही लिहिणाऱ्याला ते दृश्य विसरता आलं नव्हतं, की राजाला आठवण करून द्यायची होती की मी तेव्हा तिथे होतो, आतल्या खोलीपर्यंत जाणारा होतो? मला दुसरं जास्त खरं वाटतं. हात धुऊन झाल्यावर राजानं हिगाला विचारलं, यांनी ठरवलेलं तुला न्याय्य का वाटत नाही? हेल्मस्टनला जमत असेल तर त्यानं शपथ घ्यावी, याहून न्याय्य मला काही सुचत नाही.

मग ऑर्डलाफ म्हणाला, तो प्रयत्न करायला तयार आहे, दिवस ठरवून द्या. राजानं दिवस दिला.

मदतीची किंमत

दिवस ठरल्यावर हेल्मस्टन पुन्हा ऑर्डलाफकडे आला. शपथेला मदत करा. शपथ मोडून पडण्यापेक्षा जमीन तुम्हालाच दिलेली बरी, असं म्हणाला. ऑर्डलाफ लिहितो, न्यायासाठी मी मदत करीन, अन्यायासाठी कधीच नाही. अट एवढीच की जमीन मला द्यायची. हेल्मस्टननं तसं वचन दिलं.

ठरल्या दिवशी सगळे घोड्यावरून निघाले. विहटबोर्ड ऑर्डलाफबरोबर, ब्रिहटहेल्म हिगाबरोबर. हेल्मस्टननं शपथ पूर्ण घेतली आणि सगळ्यांनी ऐकली. वाद मिटला, असं सगळे म्हणाले. दस्त ऑर्डलाफकडे आला. त्यानं हेल्मस्टनला सांगितलं, नीट वागलास तर जिवंत असेपर्यंत ही जमीन तू कसून खा.

धर्मपिता, राजाकडचा रदबदलीदार, नेमलेला मध्यस्थ आणि शेवटी त्याच जमिनीचा धनी, ही सगळी एकच व्यक्ती! आणि हे तो लपवत नाही, राजाला लिहून कळवतो. लिहिणाऱ्याला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं, ही गोष्ट कायद्याच्या कुठल्याच कलमातून कळली नसती. मोठ्या माणसानं आपली पत दुसऱ्याच्या मागे उभी केली तर तिचं मोल घ्यायचं, हे गृहीतच होतं.

दुसरी चोरी

दीड-दोन वर्षं गेली. हेल्मस्टननं फाँटहिलमध्ये राखणदार नसलेले बैल चोरले आणि हाकत नेले. माग काढणारा पाठीवर होता. एडवर्डच्या कायद्यात तर असा नियमच आहे, की प्रत्येकानं आपल्या जमिनीवर गुरांचा माग काढणाऱ्यांना वाट दाखवायला माणसं तयार ठेवावीत. बैल सापडले, हेल्मस्टन पळाला. पळताना काटेरी झुडपाची फांदी तोंडावर लागली आणि ओरखडा उठला. नंतर तो नाकारायला गेला तेव्हा हाच ओरखडा त्याच्यासमोर पुरावा म्हणून ठेवला गेला.

इनेच्या कायद्यात झाडं तोडण्याबद्दल एक मजेशीर कलम आहे. रानात कुणी झाड जाळलं तर ६० शिलिंग दंड, कारण आग चोर असते. कुणी बरीच झाडं तोडली तर तीन झाडांचेच प्रत्येकी ३० शिलिंग भरावेत, बाकीच्यांचे नाहीत. कुऱ्हाड चोर नसते, ती आवाज करून सांगते. अनोळखी माणूस रस्ता सोडून रानातून जात असेल आणि ओरडत नसेल, शिंग फुंकत नसेल, तर त्याला चोर समजावं, असंही एक कलम आहे. चोरी म्हणजे लपूनछपून केलेलं काम, हा विचार दोन्हींच्या मुळाशी. चार माणसांसमोर शपथ घेण्याच्या नेमकं उलट. म्हणूनच या समाजाला खुनापेक्षा चोरीचा राग जास्त होता असं वाटतं. खुनाचे पैसे भरता येत, रंगेहाथ सापडलेल्या चोराचा जीव जाई किंवा त्याला स्वतःच्या जिवाची पूर्ण किंमत मोजावी लागे.

या वेळी ना दस्त कामाला आला, ना शपथ. राजाचा कारभारी एआनवुल्फ यानं हेल्मस्टनची टिस्बरीची सगळी मालमत्ता जप्त केली. ऑर्डलाफनं जाब विचारला. उत्तर मिळालं: तो चोर आहे, आणि राजाचा माणूस असल्यानं त्याची मालमत्ता राजाकडे जाते. फाँटहिलला मात्र हात लागला नाही. ती आता हेल्मस्टनची नव्हतीच, ऑर्डलाफकडून कसायला घेतलेली होती. जे त्याचं नाही ते तो गमावणार कसं? दीड-दोन वर्षांपूर्वी केलेल्या सौद्यानं ऑर्डलाफला आता वाचवलं.

एडवर्डनं हेल्मस्टनला हद्दपार ठरवलं. म्हणजे कुणीही त्याला आश्रय द्यायचा नाही. मग हेल्मस्टन आल्फ्रेडच्या थडग्याशी जाऊन बसला आणि तिथून मोहोर, म्हणजे शिक्का, घेऊन ऑर्डलाफकडे आला. ऑर्डलाफनं ती चिपेनहॅमला एडवर्डच्या हाती दिली. मेलेल्या बापाच्या कबरीची आण मुलाला मोडता आली नाही. हद्दपारी उठली आणि हेल्मस्टनला राहायला जागाही मिळाली.

वेगळं काय करता आलं असतं

आल्फ्रेडनं पहिल्याच वेळी नकार दिला असता तर? जमीन हिगाकडे गेली असती, बैल वाचले असते. पण पट्टा चोरणाऱ्याची जमीन दुसऱ्यानंच दावा ठोकून बळकावायची, हा पायंडा पडला असता. एका पट्ट्यापायी पाच हाइड जाणं राजाला जास्त धोक्याचं वाटलं असावं. मला तो निर्णय बरोबरच वाटतो.

चूक मध्यस्थ निवडताना झाली. ऑर्डलाफ आधीच हेल्मस्टनच्या बाजूचा होता. त्याला रदबदली करू द्यायला हरकत नव्हती, पण निवाड्याला बसवायला नको होतं. अर्थात वेसेक्समध्ये राजाच्या विश्वासातली आणि त्या भागाची माहिती असलेली माणसं मोजकीच. त्यांतला कुणीही ना नात्यातला, ना धर्मपिता, ना देणेकरी, असा कोरा मिळणं कठीण होतं. निःपक्षपातीपणापेक्षा वजन महत्त्वाचं मानलं गेलं.

हिगाची चूक साधी. वॉर्डरला तो कागदाविरुद्ध कागद काढू शकला नाही, दस्तावरच्या नावांतल्या एकालाही खोडून काढू शकला नाही. राजाकडे धाव घेतली ती रिकाम्या हातांनी.

आणि ऑर्डलाफ? त्यानं चोराला परत तिथेच ठेवलं, ‘नीट वागलास तर’ एवढ्या अटीवर. बैल फाँटहिलचेच गेले. पण हेल्मस्टनला तिथून उठवलं असतं तर जमिनीच्या लोभापायी शपथ विकत घेतली, असं लोक म्हणाले असते. जमीन मिळाली, धर्मपुत्रही राहिला. एकाच दगडात दोन पक्षी मारायचा मोह त्याला आवरला नाही.

एथेलथ्रिथचं नाव दस्तात एकदा येतं आणि संपतं. बाईच्या विकण्याच्या हक्कावर कुणी बोट ठेवल्याचं पत्रात दिसत नाही. एवढ्या सगळ्या पुरुषांच्या शपथा तिच्या त्या एका व्यवहारावर उभ्या होत्या.

पत्र का लिहावं लागलं

ऑर्डलाफनं पुढे फाँटहिलची पाच हाइड बिशपला दिली आणि बदल्यात लिडियर्डची पाच हाइड घेतली, राजाच्या आणि त्याच्या सल्लागारांच्या समक्ष. तेवढ्यात हिगा परत उभा राहिला. आल्फ्रेड गेला होता. शपथ ऐकणाऱ्यांतले किती उरलेत, याचा अंदाज घ्यायला त्याला हरकत नव्हती. म्हणून हे पत्र. त्यातल्या एका वाक्यात ऑर्डलाफचा वैताग स्पष्ट ऐकू येतो: महाराज, पैशानंही नाही आणि शपथेनंही नाही, तर कुठलाही वाद मिटणार कधी? आणि आल्फ्रेड राजानं दिलेला प्रत्येक निवाडा बदलायचा म्हटलं, तर आपलं भांडण संपणार कधी?

चर्मपत्राच्या मागच्या बाजूला एक छोटी नोंद आहे. राजा वॉर्मिन्स्टरला असताना एथेलहेल्म हिगानं दावा सोडला. साक्षीदार म्हणून ऑर्डलाफ, ओस्फर्थ, ओड्डा, टकला एल्फस्टन, एथेलनोथ, आणि त्या दिवशी शपथ ऐकायला ऑर्डलाफबरोबर घोड्यावरून गेलेला विहटबोर्ड.